घरफोडीला किमान शिक्षा ठरवून द्यायला हवी का?

निशिगंध

घरफोडीच्या गुन्ह्याला कायद्यानेच किमान शिक्षा ठरवून द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. पहिल्या वेळी एकवेळ न्यायालयाने परिस्थिती बघावी. पण तोच माणूस दुसऱ्यांदा कुणाचं घर फोडताना सापडला, तर तीन वर्षं सक्तमजुरी, त्याखाली नाही.

चिडून लिहितेय हे खरं, पण विचार करून लिहितेय. सांगलीला माझ्या सासूबाई एकट्या राहतात. मागच्या मे महिन्यात त्या नात्यातल्या लग्नाला गेल्या आणि रात्रीतून मागच्या दाराचा कडीकोयंडा उचकटला गेला. कपाटाच्या आतल्या लॉकरचा पत्रा कागदासारखा मागे वळवलेला होता. बोरमाळ, पाटल्या, आजेसासूबाईंची पुतळ्याची माळ, सगळं गेलं. बेन्टेक्सच्या बांगड्या तेवढ्या पलंगावर नीट काढून ठेवलेल्या. म्हणजे खरं-खोटं पारखायला त्याच्याकडे भरपूर निवांत वेळ होता.

आरोपी सापडला. त्याला आधी एका गुन्ह्यात शिक्षा झालेली होती, आणि आणखी एका प्रकरणात तो जामिनावर बाहेर होता.

सोन्याचं दुःख सासूबाईंनी गिळलं. पण आता त्या रात्री उठून दार तपासतात, आणि दुपारीही स्वयंपाकघराची खिडकी उघडत नाहीत. कायद्याच्या लेखी ही नुसती मालमत्तेची चोरी आहे, हे मला पटत नाही. तुमची मतं आणि अनुभव सांगा.

चौकस

शंभर टक्के सहमत. घर फोडणं आणि खिसा कापणं एका मापाने मोजूच नये.

कृष्णाकाठ

निशिगंधताई, सासूबाईंबद्दल वाचून फार वाईट वाटलं. मी फौजदारी वकिली करतो, म्हणून कायद्यात आज काय आहे ते आधी मांडतो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. राहत्या घरातल्या चोरीला कलम ३०५ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. चोरीच्या इराद्याने घरफोडी केली तर कलम ३३१ (३) खाली दहा वर्षांपर्यंत, आणि तीच सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात केली तर ३३१ (४) खाली चौदा वर्षांपर्यंत. जुन्या दंड संहितेत हीच कलमं ३८०, ४५४ आणि ४५७ होती. घरफोडी करताना कुणाला जबर दुखापत केली तर प्रकरण जन्मठेपेपर्यंत जातं.

म्हणजे खिशातल्या पाकिटाची चोरी आणि घरफोडी यांत कायदा आजही मोठा फरक करतो. साध्या चोरीला तीनच वर्षं आहेत. फक्त हे सगळे आकडे कमाल शिक्षेचे आहेत. तुम्ही मागताय ती किमान शिक्षा, ती इथे नाही.

ठाणेकरीण

दिवसा दहा आणि रात्री चौदा? हा फरक मला आजच कळला आणि तो बदलायला हवा. रात्री घरात माणसं झोपलेली असतात, जिवाला धोका असतो, म्हणून हे केलं असणार. पण आमच्या भागात घरं फुटतात ती सकाळी अकरा ते चार. दोघं नोकरीला, मुलं शाळेत, वॉचमन पाण्याच्या टँकरपाशी. कुरिअरवाल्यासारखा पाठीवर बॅग लावून माणूस येतो, बेल वाजवतो, कुणी उघडलं नाही की कटावणीने लॅच तोडतो. शेजाऱ्याला वाटतं, फर्निचरचं काम चाललंय.

आमच्या मजल्यावर असंच झालं. शाळेतून आधी घरी आली ती त्या घरातली मुलगी. दार उघडं दिसल्यावर ती आत न जाता आमच्याकडे आली म्हणून बरं. दिवस होता म्हणून तिला धोका कमी होता का?

रानवेडा

कडक कसले, कायदे उलट सैल झालेत. पाच हजारांच्या खालची चोरी असेल तर आता तुरुंगच नाही, रस्ता झाडला की सुटका. आमच्या ग्रुपवर आलं होतं.

कृष्णाकाठ

रानवेडा, ते अर्धंच आहे. सामुदायिक सेवेची तरतूद कलम ३०३ मध्ये आहे, म्हणजे साध्या चोरीसाठी. त्यातही माल पाच हजारांहून कमी किमतीचा हवा, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरलेला हवा, आणि माल किंवा त्याची किंमत त्याने परत केलेली हवी. राहत्या घरातली चोरी ३०५ मध्ये येते, तिथे ही सवलत नाही. उलट त्याच ३०३ मध्ये दुसऱ्यांदा दोषी ठरणाऱ्याला किमान एक वर्ष सक्तमजुरी आणि कमाल पाच वर्षं, असं नव्याने आलं आहे. कृपया ग्रुपवरही हे टाका.

तळकोकणी

पाच हजारांचा विषय निघालाच आहे तर आमच्याकडचं सांगतो. आमच्या वाडीत निम्मी घरं वर्षातले दहा महिने बंद. मंडळी मुंबईला. गणपतीला आणि शिमग्याला दारं उघडतात. चोर सोनं शोधतच नाही, कारण ते तिथे नसतंच हे त्यालाही ठाऊक असतं. तो नेतो पितळी समया, तांब्याचा बंब, हंडे, घंगाळं. भंगाराच्या वजनावर विकतो.

चोरी कधी झाली तेच कळत नाही. गणपतीला घर उघडलं की दिसतं मागचं दार नुसतं टेकवलेलं. मग तक्रारीत तारीख काय घालणार? 'शिमग्यानंतर आणि गणपतीच्या आधी' असं लिहून घेतात. चौदा वर्षं ठेवा नाहीतर चाळीस, कोण कधी आला हेच माहीत नाही तिथे कुणाला द्यायची?

एक मात्र खरं, वाडीतल्या मुलांनी आळीपाळीने बंद घरांना फेरी मारायला सुरुवात केल्यापासून प्रकार कमी झाले. मुंबईकर मंडळी त्यांना वर्गणी देतात.

निशिगंध

कृष्णाकाठ, नीट समजावून सांगितलंत, आभार. पण मग चौदा वर्षांची शिक्षा झालेला घरफोड्या कुणी पाहिलाय? आमच्या प्रकरणातल्या माणसाला मागच्या वेळी झाली होती सहा महिने, आणि तेवढे दिवस तो आधीच कोठडीत होता. हा चौदाचा आकडा जातो कुठे?

कृष्णाकाठ

ताई, तुमचा हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

घरफोडीचा खटला चालतो प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे. आणि या न्यायालयाला तीन वर्षांहून अधिक तुरुंगवास देण्याचा अधिकारच नाही (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे खटल्यांच्या कार्यपद्धतीचा कायदा, कलम २३). मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांना सात वर्षांपर्यंत आहे. म्हणजे पुस्तकात चौदा, पण ज्या टेबलावर खटला चालतो तिथे तीनची मर्यादा. अधिक शिक्षा हवी असं दंडाधिकाऱ्यांना वाटलं, तर ते आपलं मत नोंदवून प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवू शकतात. पण रोजच्या बोर्डावर प्रकरणांचा ढीग असताना हे क्वचितच घडतं.

दुसरं असं की आरोपी बहुतेक वेळा खटला चालवतच नाही. जामीनदार नाही, वकील नाही. आत काही महिने काढल्यावर तो गुन्हा कबूल करतो आणि 'भोगली तेवढी शिक्षा' घेऊन बाहेर पडतो. चार प्रकरणं असतील तर चारही शिक्षा एकत्र भोगायच्या, असा आदेश मागतो. न्यायालयाचाही एक निकाल लागतो. सगळ्यांचं काम होतं, फिर्यादी सोडून.

तिसरी गोष्ट अनेक वकिलांच्याही लक्षात राहत नाही. न्याय संहितेचं कलम १३ बघा. मालमत्तेच्या, तीन वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात एकदा दोषी ठरलेला माणूस पुन्हा तशाच गुन्ह्यात दोषी ठरला, तर त्याला जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत शिक्षा देता येते. जुन्या संहितेत हे कलम ७५ होतं, म्हणजे ही तरतूद इंग्रजांच्या काळापासूनची. आणि नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३६३ सांगतं की असा माणूस पुन्हा आरोपी म्हणून आला, तर त्याला मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे किंवा सत्र न्यायालयाकडे पाठवावं. दंडाधिकाऱ्यांना स्वतःच पुरेशी शिक्षा देता येईल असं वाटलं तर गोष्ट वेगळी.

पण त्यासाठी आधीची शिक्षा दोषारोपात, म्हणजे न्यायालय आरोपीवर ठेवतं त्या आरोपात, लिहावी लागते आणि सिद्ध करावी लागते. पोलिसांच्या आरोपपत्रासोबत 'आरोपी सराईत असून त्याच्यावर अमुक गुन्हे दाखल आहेत' अशी यादी असते. दाखल गुन्हा म्हणजे शिक्षा नव्हे. मागच्या निकालाची प्रमाणित प्रत लागते, आणि ती बऱ्याचदा दुसऱ्या जिल्ह्यातल्या न्यायालयात पडून असते. ती आणायला जायचं कुणी?

माझं म्हणणं एवढंच, की नवं कलम मागण्याआधी या जुन्या कलमांचा वापर मागा.

जुना अंमलदार

वकीलसाहेबांनी न्यायालयातलं सांगितलं, मी पोलीस ठाण्यातलं सांगतो. निवृत्त झालोय, आता लिहायला हरकत नाही.

घरफोडीला साक्षीदार नसतो. खुनाला मृतदेह असतो, मारामारीत जखमी माणूस असतो. इथे एक तुटलेला कोयंडा आणि रिकामं कपाट. आम्ही पोचेपर्यंत शेजारपाजारच्या सगळ्यांनी कपाटाला हात लावलेला असतो. ठसेतज्ज्ञ येतात तर हँडलवर घरच्यांचेच ठसे. म्हणून कळकळीने सांगतो, घर फुटलेलं दिसलं की आत जाऊ नका, काहीही आवरू नका, बाहेरून फोन करा.

आरोपी सापडतो तो बहुतेक दुसऱ्याच गुन्ह्यात. मग तो सांगतो, अमुक ठिकाणी माल ठेवलाय. निवेदन पंचनामा होतो, माल काढला जातो. पुढे सगळा खटला त्या पंचनाम्यावर उभा असतो. काही वर्षांनी साक्षीला उभा राहिलेला पंच म्हणतो, माझी फक्त सही घेतली. खटला तिथेच बसतो. पंचालाही दोष किती देणार? रोजगार बुडवून तो चार-चार तारखांना आलेला असतो.

आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी यावं असं ठरवलंय (कलम १७६). जप्तीचं चित्रीकरणही सक्तीचं आहे. घरफोडी या दोन्हीत बसते. हे नीट राबवलं तर मोठा फरक पडेल. पण त्याला माणसं लागतील, गाड्या लागतील, प्रयोगशाळा लागतील. शिक्षा वाढवायला खर्च येत नाही, म्हणून ती मागणी सगळ्यांना सोपी वाटते.

हॅरोकर

लंडनमधल्या हॅरोतून लिहितोय. निशिगंध जे मागतायत ते इंग्लंड-वेल्समध्ये आहे. तिसऱ्यांदा राहत्या घराची घरफोडी सिद्ध झाली तर किमान तीन वर्षं, हा नियम १९९९ च्या अखेरीस लागू झाला. अपवादात्मक परिस्थितीत न्यायाधीश कमी शिक्षा देऊ शकतात. कमाल शिक्षा तुमच्यासारखीच, चौदा वर्षं.

तरी आम्हा भारतीयांची घरं इथे फुटतातच, आणि नेमकी हेरून फुटतात. आपल्या घरात २२ कॅरेटचं सोनं असतं हे चोरांना पक्कं माहीत आहे. दिवाळी जवळ आली की पोलीस आशियाई वस्त्यांत पत्रकं वाटतात, दागिने घरात ठेवू नका म्हणून सांगतात. नियम वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण तिसऱ्यांदा शिक्षा होण्यासाठी माणूस तीनदा सापडावा लागतो, अडचण तिथे आहे.

चौकस

हॅरोकर, पण आत असेल तेवढी तीन वर्षं तर तो कुणाचं घर फोडणार नाही ना? जरब बसो न बसो, तेवढा काळ लोक सुटतील. मला हे एक कारण पुरेसं वाटतं.

कसोटी

आमचं पिढीजात सराफी दुकान आहे. या धाग्यावर अजून कुणी विचारलं नाही, म्हणून मीच लिहितो: चोरलेलं सोनं जातं कुठे?

ते दागिना म्हणून कुणी विकत नाही. एका रात्रीत आटवून लगड होते. लगडीला ना घडणावळ, ना शिक्का, ना ओळख. पुतळ्यांच्या माळेतल्या पुतळ्याही भट्टीत गेल्या की संपल्या. म्हणून पहिले दोन दिवस महत्त्वाचे. दागिन्यांचे फोटो, पावत्या, वजन हे तयार असेल तर तपासाला दिशा मिळते. आमच्याकडे मोड घेऊन येणाऱ्याचं ओळखपत्र आम्ही घेतो, पैसे खात्यावर देतो. तरीही कधी आरोपी 'त्या दुकानात विकलं' एवढं बोलतो आणि प्रामाणिक माणूस आठवडाभर चौकीच्या पायऱ्या चढतो. अंमलदारकाका, हेही तुम्हाला ठाऊक असेल.

पण जे जाणूनबुजून घेतात, त्यांना खरंच सोडू नये. चोरीचा माल घेणाऱ्याला न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तीन वर्षं, आणि तो नेहमीचाच धंदा असेल तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. आमच्या व्यवसायाला काळिमा लावणारे हे थोडे लोक आत गेले, तर निम्मे घरफोडे धंदा सोडतील. लगड घ्यायलाच कुणी नसेल तर घर फोडून करायचं काय?

जुना अंमलदार

कसोटी, ठाऊक आहे. आणि तुमचं म्हणणं बरोबरही आहे. घेणारा गाठला की पाच-सहा गुन्हे एकदम उघडकीला येतात.

रानवेडा

ते सगळं ठीक. पण कोण करतं हे सगळ्यांना माहीत असतं. आमच्या गावाबाहेर पालं पडली की चोऱ्या सुरू होतात. त्यांनाच उचला.

माळरान

रानवेडा, हे वाक्य मागे घ्या अशी विनंती करते. मी भटक्या-विमुक्तांच्या मुलांच्या वसतिगृहात शिकवते.

१८७१ साली इंग्रजांनी कायदा करून जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. सोलापुरात तारेच्या कुंपणाची सेटलमेंट होती, तिथे माणसांना हजेरी द्यावी लागे. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, म्हणून ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन. पण त्यानंतर सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, मुंबई राज्यात १९५९ चा, आणि पहारा तसाच राहिला. आजही कुठे घर फुटलं की पालावर पहाटे गाडी येते. माझ्या वसतिगृहातल्या मुलाच्या वडिलांना असं नेलं होतं. ते त्या रात्री ऊसतोडीच्या फडावर होते, मुकादमाने सांगितलं तेव्हा सुटले. मुलाची परीक्षा बुडाली ती बुडालीच.

निशिगंधताई, तुमच्या सासूबाईंचं दुःख मला कळतं. पण 'दुसऱ्यांदा सापडला की तीन वर्षं' हा नियम आला, तर त्यात आधी सापडतील ते असे लोक, ज्यांना वकील मिळत नाही आणि जे सुटका व्हावी म्हणून न केलेला गुन्हाही कबूल करतात. वर कृष्णाकाठ यांनी लिहिलेला 'भोगली तेवढी शिक्षा' हा मार्ग आठवा. ती कबुली पुढच्या वेळी त्यांच्या गळ्यात पडेल.

रानवेडा

माळरान, कुणाच्या जन्मावर बोलायचा हेतू नव्हता. ते वाक्य संपादकांनी काढावं.

ठाणेकरीण

अवांतर: बँकेच्या लॉकरबद्दल कुणी सांगेल का? लॉकर फुटला तर बँक हात वर करते असं ऐकलंय.

कसोटी

आता तसं नाही. रिझर्व्ह बँकेचे नवे नियम १ जानेवारी २०२२ पासून आहेत. आग, चोरी, घरफोडी, दरोडा किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक यात लॉकरमधलं गेलं, तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपट. भाडं तीन हजार असेल तर तीन लाख. सोन्याच्या आजच्या भावात हे थोडं आहे, पण घरातल्या कपाटापेक्षा लॉकर कधीही बरा. घराच्या विम्यात दागिन्यांचं कलम वेगळं मागून घ्या, आपोआप येत नाही.

तळकोकणी

आणि कुत्रा पाळा. आमच्या वाडीत ज्या घरी कुत्रा तिथे आजवर कुणी शिरलं नाही. पाहुणेही जरा जपूनच येतात, एवढीच अडचण.

निशिगंध

सगळे प्रतिसाद वाचले, काही दोनदा. माळरान, तुम्ही लिहिलेलं मनाला लागलं. किमान शिक्षेचा नियम करायचाच तर नुसत्या कबुलीवर झालेली आधीची शिक्षा त्यात मोजू नये, आणि दोन्ही वेळा आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळालेला असावा, असं मी आता म्हणेन. पण मागणी सोडत नाही. ज्याने खटला चालून, पुरावा तपासला जाऊन दोनदा घरं फोडल्याचं सिद्ध झालंय, त्याच्या बाबतीत तरी सहा महिने हे उत्तर असू शकत नाही. न्यायालयाच्या मर्जीवर सोडलं की काय होतं ते शिक्षा सहा महिन्यांवर येते यातच दिसतं.

दोन प्रश्न आहेत. सासूबाईंच्या पाटल्या जशाच्या तशा सापडल्यात, पण मुद्देमाल म्हणून अडकून पडल्यात. खटला संपेपर्यंत थांबायचं का? आणि आधीची शिक्षा दोषारोपात घालायची वेळ गेली का? दोषारोप ठेवून झाला आहे.

कृष्णाकाठ

पाटल्यांसाठी थांबू नका. सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच, सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सांगितलंय की सोनं-नाणं उगाच ठाण्यात ठेवू नये, पंचनामा करून, फोटो काढून, बंधपत्र घेऊन मालकाला द्यावं. आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ मध्ये त्याला मुदतही आहे: चौदा दिवसांत वर्णन तयार करायचं, आणि त्यानंतर तीस दिवसांत न्यायालयाने आदेश करायचा. अर्ज द्या. सोबत पावती किंवा सासूबाईंच्या हातात पाटल्या दिसतील असा लग्नाकार्यातला फोटो जोडा. न्यायालयाने मागितल्या तर त्या पुन्हा हजर कराव्या लागतील, म्हणून मोडू नका.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: वेळ गेलेली नाही. आधीच्या शिक्षेचा मजकूर, शिक्षा सुनावण्याआधी कधीही दोषारोपात वाढवता येतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३४ चं शेवटचं पोटकलम. सरकारी वकिलांना लेखी विनंती करा. पीडित म्हणून त्यांच्या मदतीला तुमचा वकील देण्याची परवानगीही न्यायालयाकडे मागता येते. मागची शिक्षा कबुलीवर झाली असली तरी आजच्या कायद्यात ती चालते. माळरान यांच्या आक्षेपावर मी अजून विचार करतोय.

ठाणेकरीण

मागच्या निकालाची प्रत सामान्य माणसाला मिळते का?

कृष्णाकाठ

प्रकरण क्रमांक आणि न्यायालय माहीत असेल तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर निकाल बघता येतो. पण पुराव्यासाठी प्रमाणित प्रत लागते. ती ज्या न्यायालयाने शिक्षा दिली तिथल्या नक्कल विभागातून घ्यावी लागते. क्रमांक आरोपपत्रातल्या पूर्वइतिहासाच्या यादीत असेल.

जुना अंमलदार

त्या यादीत कधी फक्त पोलीस ठाण्याचा गुन्हा क्रमांक असतो, न्यायालयाचा नसतो. मग त्या ठाण्याच्या कोर्ट कारकुनाला भेटा, तो रजिस्टर बघून खटला क्रमांक सांगेल. निशिगंधताई, कोणतं ठाणं ते मला व्यक्तिगत संदेशात कळवा. सकाळच्या वेळी जा, दुपारनंतर तो न्यायालयात असतो.